विंचवाचे विष आणि हृदयाची वीज

मराठीत आपण ‘विंचू चावला’ असे म्हणतो. पण विंचू चावत नाही. त्याचे विष तोंडात नसते. ते शेपटीच्या शेवटच्या फुगीर पेरात असते आणि त्या पेराच्या टोकाशी असलेल्या वाकड्या काट्याने, म्हणजे नांगीने, तो ते टोचतो. टोचले जाणारे विष इतके थोडे असते की ते डोळ्यांना धड दिसतही नाही. दंश बहुधा हाताच्या बोटाला किंवा पायाला होतो. तरीही काही तासांत एखाद्या धडधाकट मुलाचे हातपाय थंडगार पडतात, छातीत धडधडते, दम लागतो, खोकल्याबरोबर गुलाबीसर फेस येऊ लागतो. फुप्फुसात पाणी झालेले असते आणि हृदय थकलेले असते.

दंश पायाच्या अंगठ्याला आणि संकट हृदयावर, हे कसे? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर हृदयाच्या एका पेशीत डोकवावे लागते. तिथे वीज, क्षार आणि पाणी यांचे एक नाजूक नाते आहे. ते समजले की विष काय करते, आणि एक साधी स्वस्त गोळी या विषाविरुद्ध का उपयोगी पडते, हे दोन्ही कळते.

त्या गोळीचा उपयोग जगाला दाखवून देणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा जन्म १९५१ सालचा, भोकरदन तालुक्यातील देहेड या गावचा. हा तालुका आज जालना जिल्ह्यात आहे. (जालना हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला, त्याआधी हा भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता.) त्यांचे काम मात्र झाले ते दूर कोकणात, महाडच्या परिसरात. त्या कामाकडे आपण थोड्या वेळाने येऊ.

इंगळी आणि लाल विंचू

आपल्याकडे सहज दिसणारे विंचू ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. मोठी, काळी इंगळी पाहूनच भीती वाटते. तिचे पुढचे चिमटे जाडजूड असतात, शेपटी मात्र त्या मानाने बारीक. तिच्या दंशाने वेदना होतात, पण जिवाला सहसा धोका नसतो. लाल विंचू आकाराने लहान, रंगाने तांबूस. त्याचे चिमटे नाजूक असतात आणि शेपटी जाड. धोका आहे तो याच्यापासून. याचे शास्त्रीय नाव हॉटेंटोटा टॅम्युलस. जुन्या पुस्तकांत तो मेसोब्युथस टॅम्युलस या नावाने सापडेल. चिमटे जाड की शेपटी जाड, एवढे पाहिले तरी पुष्कळदा अंदाज येतो. यामागचे कारणही समजण्यासारखे आहे. ज्याचे चिमटे दणकट, तो भक्ष्य चिमट्यांनी चिरडतो. ज्याचे चिमटे नाजूक, त्याला विषावर भिस्त ठेवावी लागते.

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण मुलांना माहीत असते. ती निरीक्षणातून आलेली आहे. विंचवाची मादी पिलांना जन्म देते आणि पहिली कात टाकेपर्यंत ती पिले आईच्या पाठीवरच राहतात. दगडी बांध, माळवदाच्या भिंतींमधल्या भेगा, गोवऱ्यांची आणि पऱ्हाट्यांची रास, अंगणात राहिलेली चप्पल या त्यांच्या आवडत्या जागा आहेत. दिवसा लपायचे आणि रात्री बाहेर पडायचे असा त्यांचा क्रम असतो.

पेशी नावाची बॅटरी

आता हृदयाकडे वळू. मिनिटाला ७० ठोके धरले तर चोवीस तासांत १,००,८०० ठोके होतात. प्रत्येक ठोक्याआधी हृदयाच्या प्रत्येक पेशीतून विजेची एक लहर जाते. लहर आधी, आकुंचन नंतर. इसीजीच्या कागदावर जी नागमोडी रेघ दिसते, ती या कोट्यवधी लहरींची बेरीज असते.

ही वीज येते कुठून? पेशीच्या आत पोटॅशियमचे आयन भरपूर असतात आणि सोडियमचे कमी. बाहेरच्या द्रवात याच्या अगदी उलट. दोन्ही आयनांवर धन विद्युतभार असतो. पेशीचे पटल स्निग्ध पदार्थाचे असल्यामुळे आयन त्यातून आरपार जाऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी पटलात प्रथिनांचे खास दरवाजे असतात. सोडियमचा दरवाजा वेगळा, पोटॅशियमचा वेगळा, कॅल्शियमचा वेगळा, क्लोराइडचा वेगळा. पेशी स्वस्थ असते तेव्हा प्रामुख्याने पोटॅशियमचे काही दरवाजे उघडे असतात. आत गर्दी असल्यामुळे पोटॅशियम बाहेर पडू लागते आणि आपल्याबरोबर धनभार बाहेर नेते. त्यामुळे पेशीची आतली बाजू ऋण होते. हा ऋणभार पोटॅशियमला परत आत ओढू लागतो. जिथे ही दोन बले सारखी होतात तिथे जाणे-येणे समसमान होते.

हा समतोल किती व्होल्टला होईल, हे लॉगॅरिथमच्या कोष्टकावरून काढता येते. शरीराच्या तापमानाला नियम असा : आतल्या व बाहेरच्या प्रमाणांचे गुणोत्तर घ्या, त्याचा १० पायाचा लॉगॅरिथम काढा आणि त्याला ६१.५ ने गुणा; उत्तर मिलिव्होल्टमध्ये येते. पोटॅशियम आत बाहेरच्यापेक्षा सुमारे ३५ पट असते. ३५ चा लॉगॅरिथम १.५४४, म्हणून उत्तर ९५. म्हणजे आतली बाजू उणे ९५ मिलिव्होल्ट. थोडेसे सोडियम आत झिरपत असल्यामुळे प्रत्यक्षात हृदयाच्या पेशीत उणे ८५ ते उणे ९० मिलिव्होल्ट मिळतात.

हे टॉर्चच्या सेलच्या सतराव्या भागाएवढे झाले. क्षुल्लक वाटते ना? पण पटलाची जाडी लक्षात घ्या. ती मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतील सात-आठ भागांएवढीच असते. एवढ्याशा अंतरात ९० मिलिव्होल्ट, म्हणजे दर मीटरला एक कोटी व्होल्टहून जास्त. पटलातल्या प्रथिनांचे दरवाजे या प्रचंड विद्युतक्षेत्रात उभे असतात. म्हणूनच व्होल्टेज थोडे बदलले तरी त्यांची उघडझाप होते.

लहर येते तेव्हा आधी सोडियमचे दरवाजे उघडतात. सोडियम आत घुसते आणि आतली बाजू क्षणभर धन होते. एखाद्या सहस्रांश सेकंदात हे दरवाजे आपोआप बंद होतात. ‘आपोआप बंद होतात’ हे शब्द ध्यानात ठेवा, विंचवाचे विष नेमके इथेच हात घालते. त्यानंतर हृदयाच्या पेशीत कॅल्शियम हळूहळू येत राहते, त्यामुळे पेशी बराच वेळ धन पातळीच्या आसपास थांबते आणि आकुंचन पावते. अखेर पोटॅशियम बाहेर पडून पेशी मूळ पदावर येते. मज्जातंतूत हा सारा खेळ एक-दोन सहस्रांश सेकंदांत संपतो. हृदयाच्या जवनिकेच्या पेशीत तो सुमारे ३०० सहस्रांश सेकंद चालतो. एवढा वेळ ती पेशी दुसरी लहर स्वीकारत नाही. हृदयाचे ठोके एकमेकांत मिसळत नाहीत ते त्यामुळेच.

पाण्याचा हिशेब

दर लहरीबरोबर थोडे सोडियम आत येते आणि थोडे पोटॅशियम बाहेर जाते. हे असेच चालू राहिले तर बॅटरी उतरेल. ती उतरू नये म्हणून पटलात एक पंप असतो. तो ३ सोडियम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. यासाठी ऊर्जा लागते आणि ती एटीपी या रेणूतून मिळते. डेन्मार्कच्या येन्स स्को यांनी १९५७ साली या पंपाचा शोध लावला. त्यासाठी त्यांना १९९७ सालच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

या पंपाचे दुसरेही एक काम आहे. ते समजण्यासाठी वर्गात एक सोपा प्रयोग करू. जालना तालुक्यातील कडवंचीची द्राक्षे आज सर्वदूर माहीत आहेत. द्राक्षे वाळवून केलेल्या मनुका घ्या. दहा मनुका तोलून साध्या पाण्यात घाला आणि चार-पाच तासांनी पुसून पुन्हा तोला. मग याच फुगलेल्या मनुका साखरेच्या दाट पाकात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोला. पाण्यात वजन वाढेल, पाकात घटेल. विरघळलेल्या कणांची दाटी जिकडे जास्त, तिकडे पाणी जाते. यालाच आपण परासरण म्हणतो.

वनस्पतीच्या पेशीला सेल्युलोजची भक्कम भिंत असते, त्यामुळे ती फुगली तरी फुटत नाही. प्राण्याच्या पेशीला अशी भिंत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी साध्या पाण्यात टाकल्या तर फुगून फुटतात. शिवाय पेशीच्या आत प्रथिने आणि इतर मोठे रेणू असतात. त्यांना बाहेर पडता येत नाही. बाकीचे क्षार मोकळेपणाने आत-बाहेर करू लागले, तर आतल्या कणांची एकूण संख्या बाहेरच्यापेक्षा जास्त होईल आणि पाणी आत शिरत राहील. पंप सोडियमला सतत बाहेर ठेवतो आणि त्यामुळे बाहेरच्या कणांची संख्या आतल्याच्या बरोबरीने राहते. म्हणजे पेशीची वीज आणि पेशीचे आकारमान ही दोन्ही एकाच पंपाच्या भरवशावर असतात. पंप मंदावला की दोन्ही बिघडतात.

फुगलेल्या पेशीचा दरवाजा

हृदयाच्या पेशीला प्राणवायू कमी पडला, किंवा तिच्यावर कामाचा ताण फार आला, तर एटीपी अपुरे पडते. पंप मंदावतो, आत सोडियम साठते, त्याच्या मागोमाग क्लोराइड आणि पाणी येते. शिवाय प्राणवायू नसताना पेशी लॅक्टेटसारखे लहान रेणू बनवते, त्यांनीही आतली दाटी वाढते. हृदयाचा बंद पडलेला रक्तप्रवाह पुन्हा सुरू होतो तेव्हा तर एक विचित्र गोष्ट घडते. पेशीबाहेर साठलेले हे रेणू ताज्या रक्ताबरोबर वाहून जातात, आतले मात्र तिथेच असतात. साहजिकच पाणी आणखी जोराने आत शिरते आणि पेशी आणखी फुगते.

फुगलेली पेशी स्वस्थ बसत नाही. ताण जाणवताच ती पटलातला एक खास क्लोराइडचा दरवाजा उघडते. क्लोराइड व पोटॅशियम बाहेर जावे, त्यांच्याबरोबर पाणी जावे आणि आकार पूर्ववत व्हावा अशी ही योजना आहे. कुत्र्याच्या हृदयाच्या पेशींत हा प्रवाह १९९२ साली मोजला गेला. तो मोजण्याचे तंत्र असे : मिलिमीटरच्या सहस्रांशाएवढे टोक असलेली काचेची नळी पेशीला हलकेच चिकटवायची, बाहेरच्या द्रवातले क्षार कमी करून पेशी फुगवायची आणि नळीतून जाणारा विद्युतप्रवाह नोंदवायचा. या तंत्रासाठी नेहर आणि साकमान यांना १९९१ सालचे नोबेल मिळाले. आम्हा पेशींच्या विजेचा अभ्यास करणाऱ्यांचे निम्मे आयुष्य या नळीच्या टोकाशी जाते असे म्हटले तरी चालेल. हा दरवाजा ज्या प्रथिनाचा बनतो ते सापडायला मात्र २०१४ साल उजाडले. अमेरिकेतल्या एका आणि जर्मनीतल्या एका गटाने ते स्वतंत्रपणे शोधले.

या दरवाजाचा विजेवर परिणाम काय? पुन्हा लॉगॅरिथम काढू. क्लोराइड बाहेर आतल्यापेक्षा सहापट आहे असे धरू. ६ चा लॉगॅरिथम ०.७७८, त्याला ६१.५ ने गुणले तर सुमारे ४८. क्लोराइडवर ऋणभार असल्यामुळे आणि गर्दी बाहेर असल्यामुळे समतोल उणे ४८ मिलिव्होल्टला येतो. दरवाजा उघडला की पेशीचे व्होल्टेज या आकड्याकडे ओढले जाते.

आता पाहा, स्वस्थ पेशी उणे ९० च्या आसपास असते. तिला उणे ४८ कडे ओढणे म्हणजे तिची बॅटरी उतरवणे. बॅटरी थोडी उतरली की सोडियमचे काही दरवाजे आधीच बंद पडतात आणि पुढची लहर संथपणे सरकते. पण लहर चालू असताना पेशी शून्याच्या वर असते. तेव्हा तिला उणे ४८ कडे ओढणे म्हणजे लहर लवकर संपवणे. एकच दरवाजा, पण स्वस्थ असताना एक परिणाम आणि लहर चालू असताना दुसरा. फुगण्यामुळे पोटॅशियमचा एक संथ प्रवाहही वाढतो आणि लहर आणखी आखूड होते.

यात धोका कोणता? हृदयाचा सगळा भाग एकसारखा फुगत नाही. एका भागातल्या पेशी ३०० सहस्रांश सेकंद व्यग्र आहेत आणि शेजारच्या फुगलेल्या पेशी लवकर मोकळ्या झाल्या, तर व्यग्र भागाला वळसा घालून संथपणे येणाऱ्या लहरीला शिरायला जागा मिळते. ती पुढे जाऊन विझण्याऐवजी गोल फिरत राहते. ठोक्यांची लय बिघडते. पेशीने स्वतःला वाचवण्यासाठी उघडलेला दरवाजा सबंध हृदयाला असा महागात पडू शकतो.

विष काय करते?

विंचवाच्या विषात पुष्कळ लहान लहान प्रथिने असतात. त्यांपैकी काही सोडियमच्या दरवाजाला चिकटतात आणि त्याला आपोआप बंद होऊ देत नाहीत. काही पोटॅशियमचे दरवाजे बुजवतात. लाल विंचवाच्या विषातून वेगळे केलेले असे एक प्रथिन, इबेरिओटॉक्सिन, ३७ अमिनो आम्लांचे आहे. पोटॅशियमचा एक विशिष्ट दरवाजाच ते बंद करते, म्हणून १९९० पासून जगभरच्या प्रयोगशाळांत ते हत्यारासारखे वापरले जाते.

मज्जातंतूचा विचार करा. सोडियमचा दरवाजा बंद होत नाही आणि पोटॅशियमचा उघडत नाही. मग एका लहरीच्या जागी लहरींची माळ सुटते. शरीरातल्या ज्या मज्जातंतूंवर आपला ताबा नसतो, म्हणजे घाम, लाळ, रक्तवाहिन्या आणि हृदय यांच्याकडे जाणारे तंतू, त्यांवर याचा परिणाम फार होतो. सुरुवातीला वांत्या, लाळ, दरदरून घाम. पाठोपाठ दुसऱ्या गटाचे तंतू आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथी नॉरॲड्रिनॅलिन व ॲड्रिनॅलिन ही रसायने रक्तात ओतू लागतात. वाघ समोर आला तर जी रसायने क्षणभर सुटावीत, ती तासन् तास सुटत राहतात.

या रसायनांना हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर वेगवेगळे ग्राहक असतात. हृदयावरच्या बीटा ग्राहकांमुळे कॅल्शियमचे दरवाजे अधिक उघडतात. ठोके जलद आणि जोरकस होतात. कॅल्शियम फार साठले तर ते बाहेर टाकताना सोडियम आत घ्यावे लागते, त्यातून अवेळी लहरी उठतात. रक्तवाहिन्यांवरच्या अल्फा ग्राहकांमुळे वाहिन्या आवळल्या जातात. म्हणून हातपाय थंड पडतात आणि रक्तदाब चढतो. हृदयाची स्थिती मोठी कठीण होते. एकीकडे ‘जोराने चाल’ असा हुकूम, दुसरीकडे पुढची वाट अरुंद. प्राणवायूची गरज वाढत जाते, एटीपी अपुरे पडते आणि वर सांगितलेले पंपाचे, फुगण्याचे व विजेचे दुष्टचक्र सुरू होण्याची वेळ येते. डाव्या जवनिकेला रक्त पुढे ढकलता येत नाही, ते मागे फुप्फुसात तुंबते. तिथल्या सूक्ष्म वाहिन्यांमधला दाब वाढून द्रव वायुकोशांत झिरपतो. हेच ‘फुप्फुसात पाणी होणे’.

म्हणजे पायाला टोचलेले विष हृदय बिघडवते ते मुख्यतः मज्जातंतूंच्या आणि त्यांनी सोडलेल्या रसायनांच्या मार्फत.

बिरवाडी ते ‘लॅन्सेट’

नागपूरला एम.बी.बी.एस. झाल्यावर डॉ. बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. (तेव्हाचा कुलाबा जिल्हा, आजचा रायगड.) लाल विंचवाच्या दंशाने दगावणारे रुग्ण, त्यांत पुष्कळ मुले, तिथे त्यांनी पाहिली. त्या वेळच्या पाठ्यपुस्तकांत या दंशावर फारसे काही नव्हते. त्यांनी रुग्णांजवळ थांबून नाडी, रक्तदाब, घाम, हातपायांचे तापमान यांच्या बारकाईने नोंदी ठेवल्या. दंशानंतर हृदयावरच्या संकटाची चाहूल देणारी लक्षणे कोणती, याविषयीचा त्यांचा लेख १९८२ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. भरपूर घाम, वांत्या आणि थंड पडलेले हातपाय ही लक्षणे म्हणजे पुढच्या धोक्याची सूचना होती. नुसत्या वेदनेवरून धोका ठरत नाही हेही स्पष्ट झाले.

निदान झाले, पण उपाय? विष सोडियमच्या दरवाजाला चिकटलेले आहे. तिथून ते ओढून काढणे अवघड. ठोके जलद आहेत म्हणून हृदयावरचे बीटा ग्राहक बंद करावेत असे एखाद्याला वाटेल. पण मग थकलेल्या हृदयाचा जोर कमी होईल आणि वाहिन्या आवळलेल्याच राहतील. तर्क सांगतो की पुढची वाट मोकळी करावी, म्हणजे अल्फा ग्राहक बंद करावेत. प्राझोसिन हे औषध नेमके हेच करते. ते मुळात उच्च रक्तदाबासाठी वापरात आलेले, साध्या गोळीच्या रूपात मिळणारे औषध. शिवाय मज्जातंतूच्या टोकाशी नॉरॲड्रिनॅलिनच्या स्रावाला लगाम घालणारे दुसऱ्या जातीचे अल्फा ग्राहक असतात, त्यांना प्राझोसिन सहसा धक्का लावत नाही. म्हणजे वाट मोकळी होते आणि लगामही शाबूत राहतो.

प्राझोसिनच्या वापराविषयीचा डॉ. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा लेख १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध झाला. त्यांच्या नोंदींनुसार या औषधाच्या आधीच्या काळात गंभीर दंशाच्या रुग्णांपैकी शेकडा २५ ते ३० दगावत. नंतर हे प्रमाण शेकडा १ च्या खाली आले. २०२२ साली डॉ. बावस्कर यांना पद्मश्री मिळाली.

पुराव्याची पारख

शिक्षकांनी इथे थोडे थांबावे असे आम्हाला वाटते, कारण विज्ञानाची पद्धत शिकवायला हे उत्तम उदाहरण आहे. ‘आधी इतके दगावत, नंतर इतके’ या तुलनेत एक अडचण असते. मधल्या काळात रस्ते झाले, वाहने आली, रुग्ण लवकर पोचू लागले. सुधारणेतला औषधाचा वाटा किती आणि या गोष्टींचा किती? याचे उत्तर द्यायचे तर एकाच काळातले, एकाच ठिकाणचे रुग्ण हवेत आणि कोणाला कोणता उपचार मिळेल हे डॉक्टरच्या मनावर न सोडता सोडतीने ठरायला हवे.

अशी चाचणी बावस्कर दांपत्याने केली ती पुढच्या प्रश्नासाठी. लाल विंचवावरचे प्रतिविष उपलब्ध झाल्यावर प्रश्न आला, प्राझोसिन एकटे चांगले की प्रतिविषाबरोबर? ७० रुग्णांचे सोडतीने ३५-३५ चे दोन गट केले. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण, नुसत्या प्राझोसिनच्या गटात ८ आणि दोन्ही मिळालेल्या गटात ३२. हा निष्कर्ष ‘बीएमजे’मध्ये २०११ साली प्रसिद्ध झाला. त्याची संगती आता आपल्याला लावता येईल. प्राझोसिन विषाला हात लावत नाही, ते विषाने उठवलेल्या वादळापासून हृदयाला सांभाळते. प्रतिविष अजून दरवाजांना न चिकटलेल्या विषाला निकामी करते. म्हणूनच प्रतिविष जितके लवकर मिळेल तितके बरे.

हीच पारख मंत्राने विंचू उतरवणाऱ्यांनाही लावता येते. बहुसंख्य दंशांत, विशेषतः इंगळीच्या, वेदना काही तासांत आपोआप ओसरतात. त्यामुळे मंत्र घातला तरी दहांपैकी बरेच जण बरे होतात आणि न घातला तरी होतात. श्रेय मात्र मंत्राला जाते. लाल विंचवाच्या गंभीर दंशात मात्र मांत्रिकाकडे गेलेले दोन-तीन तासच जीवघेणे ठरतात.

शाळेत काय सांगावे?

दंश झाल्यास जागा कापू नये, चोखू नये, घट्ट दोरी बांधू नये. रुग्णाला धीर देऊन तडक प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. मूल असेल तर लक्षणांची वाट पाहू नये. घाम, वांती, थंड हातपाय यांपैकी काय केव्हा सुरू झाले ते घड्याळ पाहून लिहून ठेवावे. ही नोंद डॉक्टरांना फार उपयोगी पडते. प्राझोसिन घरी ठेवून स्वतःच्या मनाने देऊ नये. घाम आणि वांत्यांमुळे शरीरातले पाणी आधीच कमी झालेले असते. अशात वाहिन्या एकदम सैलावल्या तर रक्तदाब घसरतो आणि उठून बसलेला रुग्ण भोवळ येऊन पडू शकतो. म्हणून ही गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रुग्णाला आडवे ठेवून देतात.

रात्री बाहेर जाताना बॅटरी आणि पायांत बूट-चप्पल, घालण्याआधी ती झटकून घेणे, पऱ्हाट्या-गोवऱ्या उचलताना हात पाहून घालणे, जमिनीवर अंथरूण न टाकता खाटेवर झोपणे, या साध्या सवयींनी पुष्कळ दंश टळतात. अतिनील प्रकाशात विंचवाचे अंग निळसर-हिरवे चमकते, त्यामुळे नोटा तपासण्याचा अतिनील दिवा घेऊन शिक्षकांनी अंधारात शाळेच्या आवाराची पाहणी केली तर ते सहज सापडतात. मुलांनी लांबूनच पाहावे.

आणि वरच्या वर्गांसाठी दोन प्रश्न. रुग्णाच्या रक्तातले पोटॅशियम वाढून आत-बाहेरचे गुणोत्तर ३५ ऐवजी २० झाले, तर पोटॅशियमचा समतोल किती मिलिव्होल्टला येईल? त्याचा सोडियमच्या दरवाजांवर काय परिणाम होईल? लॉगॅरिथमचे कोष्टक आणि या लेखातली माहिती एवढ्यावर उत्तर काढता येते.